पांढऱ्या मांडवाला हळदीचं बोट

यंदा आमच्या घरी दिवाळी नाही. बायको आषाढात गेली, म्हणून वर्षभर सण नाही. तरी आमच्या कॉलनीतले संपादक घरी आले आणि म्हणाले, "काकाजी, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याच्या आठवणी लिहून द्या." मी म्हटलं, मी चौथी पास. ते म्हणाले, चालते. चालते म्हणाले म्हणून लिहितो. काना-मात्रा त्यांनी पाहून घ्यावा. दुःखाबद्दल लिहिणार नाही. तो माझा धंदा नव्हता.

माझा धंदा बिछायतीचा. दुसरीकडे मंडपवाला म्हणतात, आम्ही नागपूरकडे बिछायतवाला म्हणतो. सतरंज्या, गाद्या, लोड, बल्ल्या म्हणजे लाकडी खांब, दोर, कनाती म्हणजे बाजूच्या कापडी भिंती, आणि डोक्यावर चांदणी म्हणजे कापडाचं छत. लोक येतात, बसतात, उठून जातात. त्यांनी बसायचं कशावर आणि कशाखाली, हे पाहणारा तो बिछायतवाला. कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानतात तेव्हा "आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे" असं म्हणतात. त्यातला अज्ञात म्हणजे मी.

बाप कुही गावाकडे धानाची शेती करत होता. मी तिसरा. तीन भावांत वाटून घेण्याएवढं वावर नव्हतं, म्हणून नागपूरला आलो. गांधीबागेच्या कापडबाजारात गाठी उचलल्या. तिथे डागी कापड स्वस्तात मिळे. ते घरी न्यायचो आणि बायको, गिरजा, हातमशीनवर त्याच्या कनाती शिवायची. असा धंदा उभा राहिला. बोर्डावर नाव माझं होतं. शिवण, धुणं, रफू, कोणती सतरंजी कोणाकडे गेली ते ध्यानात ठेवणं, हे तिचं. मी बल्ल्या गाडायचो.

या धंद्यात माणूस फार दिसतो. एकदा निवडणुकीत दोन उमेदवारांची एकाच स्टेजवर सभा होती. दोघांनी वेगवेगळे येऊन सांगितलं की माझा लोड त्याच्या लोडापेक्षा उंच पाहिजे. मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं, "तुमचाच उंच आहे." दोघं खूष होऊन बसले. लोड एकाच मापाचे होते. एक गिऱ्हाईक असा, की त्याने बाप जिवंत असताना तेरवीची बिछायत सांगून ठेवली. डॉक्टरने आशा सोडली होती. म्हातारा बरा झाला. त्याला कुठून तरी कळलं, तो काठी टेकत दुकानात आला, पांढरी चांदणी उलगडायला लावली, सूर्याकडे धरून पाहिली आणि म्हणाला, "भोकं हायेत गा हिले. लोकायले ऊन लागंन." गिरजाने त्याच्यासमोरच बसून रफू केलं. तो पुढे बरीच वर्षं जगला. चांदणी आधी फाटली.

आमच्या धंद्याचे दोन नियम सांगतो, दुसरा पुढे लागेल. मयतीच्या घरून भाडं घ्यायचं नाही. आणि रंगीत कापड लग्नाला, पांढरं मयतीला. लाल-हिरवी-पिवळी पट्ट्यांची चांदणी दिसली की रस्त्यावरचा माणूस विचारतो, लगन कोणाचं? कोरी पांढरी दिसली की चप्पल काढून विचारतो, कोण गेलं? हे कोणी शिकवावं लागत नाही.

आता गोष्ट. सत्तर सालाच्या पुढची आहे. दिल्लीचे एक मोठे नेते नागपूरला येऊन शाळेच्या मुलांशी बोलणार होते. नाव लिहीत नाही. लिहिलं तर अर्धे वाचक इथेच अंक बंद करतील, आणि उरलेले अर्धे मला भेटायला येतील.

हुकूम निघाला की सगळ्या शाळांनी चौथीपासून वरची मुलं मैदानात आणावीत. झालं, तिथून पेटलं. निवडणूक जवळ होती. एक बाजू म्हणे, देशाचा एवढा मोठा माणूस पोरांना दोन शब्द सांगणार, यात वाईट काय? दुसरी म्हणे, सभेला माणसं जमत नाहीत म्हणून पोरं गोळा करून राहिले. पेपरात पत्रं आली. मास्तर लोक चहाच्या टपरीवर भांडले. आमच्या वस्तीतले नगरसेवक बाबाराव विरोधी पार्टीचे. ते चौकात उभे राहून म्हणाले, "लेकरं काय सतरंज्या हायेत का, की जिथी पाह्यजे तिथी अंथरल्या?"

मी तिथेच होतो. मला वाटलं, याला सतरंजीबद्दल काही माहीत नाही. जिथे पाहिजे तिथे अंथरली तर ती फाटते.

नेत्यांच्या पार्टीचं इकडचं सगळं मोहोड साहेब पाहत होते. त्यांनी बिछायत मला सांगितली. बाबारावही माझंच गिऱ्हाईक. दोघांच्याही मुलींची लग्नं माझ्याच चांदणीखाली झाली होती. म्हणून मी दोघांनाही रामराम करायचो आणि मत कोणाला दिलं ते बायकोलाही सांगत नव्हतो. तिला माहीत असायचं, ती गोष्ट वेगळी.

शेवटी एका मोठ्या अधिकारी साहेबांनी दोन्ही बाजू बोलावल्या. मलाही बोलावलं. तीन तास बैठक झाली. मी दाराजवळ उभा. ठरलं असं: मुलं येतील. ज्यांच्या घरच्यांना पाठवायचं नसेल त्यांच्यावर जबरदस्ती नाही. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. आणि मांडवाच्या कापडात कोणत्याच पार्टीचा रंग नको.

मी म्हटलं, "साहेब, माझ्या कापडात सगळेच रंग आहेत. बिछायत आहे ती."

बाबाराव म्हणाले, "हिरवा काढा."

मोहोड साहेब म्हणाले, "फिर पीला भी निकालो. और लाल भी."

"निळा?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. मग एकदम म्हणाले, "निळाही काढा."

साहेबांनी कागदावर लिहिलं, संपूर्ण पांढरा. मी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "तुम्हाला काही अडचण आहे का?" मी तिघांकडे पाहिलं. तीन तासांनी पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं होतं. मी म्हटलं, नाही. साहेब म्हणाले, एक धागा जरी रंगीत दिसला तरी काम दुसऱ्याला देऊ, आणि पुढे सरकारी काम तुम्हाला मिळणार नाही.

माझ्याकडचं पांढरं म्हणजे एका अंगणापुरतं. मैदानासाठी गांधीबागेतून कोऱ्या मांजरपाटाचे तागे आणले. गिरजाने तागे पाहिले आणि मशीनवरून उठली.

"कोन मेलं?"

"कोणी नाही. लेकरांचा कार्यक्रम आहे."

"लेकरायच्या डोक्यावर पांढरं? कोरं?" ती म्हणाली. "आपली सुमी बसणार हाये का त्याच्याखाली?"

सुमी आमची मुलगी, त्या वर्षी चौथीत. म्हटलं, "सगळी शाळाच बसणार आहे."

"सगळी शाळा म्हंजे लेकरंच ना?"

इथे एक सांगावं लागतं. सुमीच्या आधी आम्हाला दोन मुलगे झाले होते. दोन्ही लहानपणीच गेले. दोन्ही वेळा पांढरी चांदणी आमच्या घरचीच होती, आणायला कुठे जावं लागलं नाही. दुसऱ्या वेळी ती मीच बांधली, कारण गडी गावाला गेले होते. त्यानंतर गिरजा पांढरं कापड धुवायची, घडी घालायची, पण सुमीला त्याच्या जवळ येऊ द्यायची नाही. पोरगी लपंडाव खेळताना त्या ढिगामागे लपली की मार खायची.

"मी नाई शिवत," गिरजा म्हणाली. "बाबारावाकडून शिवून घ्या. त्याले पांढरं पाह्यजे ना."

"साहेबांनी लिहून दिलं आहे."

"साहेबाच्या घरी लेकरं नाईत का?"

"तू नको पाठवू सुमीले. जबरदस्ती नाही म्हणून ठरलं आहे."

"अन् बाकीच्यायची?" ती म्हणाली. "त्यायच्या मायांनी काय केलं?"

मी म्हटलं, एखादी बारीक लाल किनार लावू. मग आठवलं, लाल नाही. हिरवी नाही. पिवळी नाही. गिरजा ऐकत होती. म्हणाली, "देवानं रंग केले तवा पार्ट्या नोत्या का? आता एकबी उरला नाई?"

दोन दिवस मशीन बंद. मी दुसरा शिलाईवाला पाहू लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज आला. पाहतो तर गिरजा शिवत होती आणि बाजूला वाटीत हळद कालवून ठेवलेली. एक कनात किंवा चांदणी शिवून झाली की तिच्या चारही कोपऱ्यांना एकेक बोट लावायची.

नवं कापड अंगावर घालण्याआधी कोपऱ्याला हळदीकुंकू लावतात, हे तुमच्याही घरी असेल. हळद लागली की ते कोरं राहत नाही. कोरं राहिलं नाही तर मयतीचंही राहत नाही. एवढंच तिचं गणित.

मी म्हटलं, "गिरजे, दिसंल वं."

"दिसू द्या. हळद कोणत्या पार्टीची हाये सांगा."

मी विचार केला. मला कोणतीच पार्टी आठवली नाही.

"कुंकू बी लावणार होती," ती म्हणाली. "पण ते लाल. म्हून राहू देलं. मी बी समजून घेते साहेबाले."

आदल्या दिवशी दुपारपर्यंत मांडव उभा राहिला. मी आयुष्यात एवढं पांढरं एका जागी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून जाणारा पहिला सायकलवाला उतरला, चप्पल काढली आणि विचारलं, "कोण गेलं भाऊ?"

"कोणी नाही. उद्या दिल्लीचे नेते येणार आहेत."

त्याने अर्धंच ऐकलं असावं. मांडव पांढरा आणि नाव नेत्याचं, एवढं घेऊन तो गेला. तासाभरात दुसरा एक माणूस हार घेऊन आला आणि फोटो कुठे ठेवला म्हणून विचारू लागला. मग एक भजनी मंडळ आलं, टाळ घेऊन. मी त्यांना म्हटलं, नेते जिवंत आहेत. त्यातले म्हातारे बुवा म्हणाले, "असं कसं? मांडव तं पडला." संध्याकाळी कळलं की गांधीबागेत दोन-चार दुकानदारांनी शटर ओढून घेतलं. उगाच दगड खाण्यापेक्षा आधीच बंद केलेलं बरं, असा त्यांचा हिशोब.

मोहोड साहेब जीपमधून आले. लाल झाले होते. "अरे, हमारे साहब को जीतेजी मार दिया तूने!"

मी म्हटलं, "कागदावर तुमचीही सही आहे."

मागून बाबाराव आले. त्यांना वाटलं, ही अफवा मोहोडनेच उठवली. सहानुभूती मिळावी म्हणून.

सकाळी मुलं यायच्या आधी अधिकारी साहेब तपासायला आले. चांदणीचे कोपरे वर बल्ल्यांना बांधलेले, ते कोणाला दिसत नव्हते. कनातीचे हाताशी होते. स्टेजजवळच्या कोपऱ्यावर साहेब थांबले.

"हा पिवळा डाग कसला?"

"हळद आहे, साहेब."

"कशासाठी?"

"कापड कोरं होतं म्हणून."

मोहोड साहेबांनी वाकून पाहिलं. म्हणाले, हा बाबारावांचा रंग आहे, रात्रीतून लावून घेतला. बाबारावांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "आमचा रंग याच्यापेक्षा पक्का हाये. असा फिका तुमचाच असते." दोघंही वाकलेलेच भांडत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चपराशाला सांगितलं, "साबण आण. धुऊन टाक."

तिथे आम्ही सगळे पुरुष होतो. मीसुद्धा. चपराशाने कपडे धुण्याचा साबण चांगला घासला आणि डाग लाल झाला. नुसता लाल नाही, लालभडक. त्याला वाटलं कमी घासलं, म्हणून त्याने बाजूचाही कोपरा घासला. तोही लाल झाला.

गिरजा मागे दोर बांधत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "हळदीले साबण लावला तं लाल होणारच. मी सांगणार होती. पण मले कोणी इचारलं नाई."

लाल रंगाची आमच्याकडे एक तिसरी पार्टी होती. लहान. या भांडणात ती नव्हतीच. तिचे दोन कार्यकर्ते फाटकावर पत्रकं वाटत उभे होते. ते आत आले आणि म्हणाले, आम्हाला न विचारता आमचा रंग कसा लावला? एक तर काढा, नाही तर स्टेजवर आमच्या माणसाला खुर्ची द्या.

रस्त्यावर मुलांच्या रांगा दिसू लागल्या होत्या. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "जसं आहे तसं राहू द्या," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर डाग म्हणा. फक्त डाग." मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, संपलं सरकारी काम. ते म्हणाले, "बाकीच्या कोपऱ्यांना साबण लावू नका."

गिरजाने साडीला हात पुसले. मला म्हणाली, "बरं झालं. हळद होती, कुंकू बी झालं." आणि सुमीला घ्यायला गेली. तोपर्यंत पोरीला घरीच ठेवलं होतं. तिला आणून तिने बरोबर त्या लाल कोपऱ्याजवळ बसवलं आणि स्वतः कनातीबाहेर, दोर धरून उभी राहिली. त्या दोराला धरायची गरज नव्हती. मी बांधला होता.

भाषणाचं विचाराल तर मी कधीच कोणाचं भाषण ऐकलं नाही. बिछायतवाल्याचं लक्ष बल्लीकडे असतं. पण एवढं पाहिलं. घोषणा नको म्हणून मास्तरणींनी मुलांना इतकं दटावून आणलं होतं की हजारो पोरं तोंडातून आवाज न काढता बसली. वर पांढरी चांदणी, बाजूला पांढऱ्या कनाती. नेते स्टेजवर आले, त्यांनी समोर पाहिलं आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. ते हळूहळू बोलले, जसं दुःखाच्या घरी बोलतात. मध्ये विचारलं, "बच्चो, कुछ पूछना है?" कोणी हललं नाही. शेवटी त्यांनी हात जोडले आणि मान वाकवली. पोरांना वाटलं, दोन मिनिटं शांतता. शाळेत शिकवलेलं होतं. एक रांग उठली, मग सगळं मैदान उठलं आणि माना खाली घालून उभं राहिलं. नेत्यांना वाटलं, इकडची पद्धत असेल. तेही तसेच उभे राहिले. मोहोड साहेबही, अधिकारी साहेबही. आत झेंडे नाहीत असं ठरलं होतं, म्हणून फाटकाबाहेर काळा झेंडा घेऊन उभे असलेले बाबाराव आत डोकावले आणि त्यांनी झेंडा खाली केला. सवय असते माणसाला.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं की मुलं मंत्रमुग्ध झाली. दुसऱ्यात आलं की मुलांनी मूक निषेध केला. दोन्ही पार्ट्यांनी पेपर वाटले. माझ्या चांदणीबद्दल कोणी लिहिलं नाही.

घरी येताना गिरजाने सुमीला विचारलं, "काय म्हणाले वं ते?"

सुमी म्हणाली, "माय, ते रडून राहिले होते का?"

गिरजा म्हणाली, "नाई. त्यायचा आवाजच तसा असंन." आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला. त्यानंतर पोरीला गोवर आला, टायफॉइड झाला, एकदा विहिरीत पडता पडता वाचली. प्रत्येक वेळी गिरजा म्हणायची, हळद होती म्हणून निभावलं. मी वाद घातला नाही. सुमी आज प्रताप नगरात राहते, तिला नातू आहे.

गिरजाने पुढेही कोणतंही नवीन कापड हळद लावल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. माझी एक हळहळ आहे. एवढे मांडव तिने शिवले, पण ती एकाही मांडवात पाहुणी म्हणून बसली नाही. नेहमी कनातीच्या बाहेर. बोलावलं तर म्हणायची, "बसले तं दोर कोण पाहीन?"

आता दुकान पुतण्या चालवतो. आषाढात ती गेली त्या सकाळी तो पोरं घेऊन आला आणि अंगणात पांढरं बांधू लागला. नियमच आहे. मी ओट्यावर बसून पाहत होतो, गाठी बरोबर पडतात का. कापड जुनं होतं. त्या मैदानातलं होतं, मी तिची शिवण ओळखली. दुहेरी टाका ती कोपऱ्यावर तीन वेळा फिरवायची. कोपऱ्यावर हळदीचं काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या उन्हात हळद कुठे टिकते?

गिरजा सवाष्ण गेली. हिरवी साडी, कपाळभर कुंकू. आत बायका तिला तयार करत होत्या. तिला लावलेल्या हळदीतली थोडी वाटीत उरली होती. मी ती उचलून बाहेर आणली आणि कापडाच्या चारही कोपऱ्यांना एकेक बोट लावलं. उंच बांधलेल्या दोन कोपऱ्यांसाठी स्टूल घ्यावं लागलं. पोरं बाजूला झाली. मग तिला बाहेर आणून त्याच्याखाली, मधोमध ठेवलं.

तेरवी झाल्यावर पुतण्या कापड सोडायला आला. कोपरा पाहून म्हणाला, "काकाजी, हे डाग पडले ना. धुवा लागंन."

मी म्हटलं, "धू. साबण लावजो."